कराचीहून जुहूला

मुंबईहून सरळ रेषेत मोजलं तर दिल्ली साडेअकराशे किलोमीटरांवर आहे आणि कराची सुमारे ८८०. म्हणजे आपल्या राजधानीपेक्षा कराची मुंबईला जवळ. ती रेघ नकाशावर ओढली की ती अरबी समुद्रावरून दीवच्या आसपास सौराष्ट्रात शिरते, जामनगरच्या बाजूने कच्छच्या आखातावर येते, मांडवीजवळून कच्छ ओलांडते आणि सिंधूच्या मुखाकडच्या खाजणांवरून कराचीत उतरते. जेट विमानाला हे काम दीड-पावणेदोन तासांचं आहे. आज मात्र ते करणारं एकही प्रवासी विमान नाही.

जग जसजसं पुढे गेलं तसतशी अंतरं आक्रसत गेली, असं आपण धरून चालतो. मुंबई-कराचीची कहाणी तशी नाही. इथे प्रवासाचा वेळ नव्वद वर्षं कमी होत गेला आणि त्यानंतर पुन्हा वाढत गेला. त्यातला सर्वांत सुंदर अध्याय एका शनिवारचा आहे, १५ ऑक्टोबर १९३२ चा. पण तिथे पोचण्याआधी थोडं मागे जायला हवं, कारण कराची एके काळी आपल्याच इलाख्यात होती हे महाराष्ट्रात आता फारसं कुणाला आठवत नाही.

चार्ल्स नेपियरने १८४३ मध्ये सिंध जिंकला आणि १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्याला जोडला गेला. तेव्हापासून १९३६ पर्यंत रत्नागिरी, धारवाड, अहमदाबाद आणि कराची यांचा गव्हर्नर एकच होता. इलाखा एक म्हटल्यावर माणसं हलणारच. मुंबई सरकारच्या नोकरीतली मराठी माणसं सिंधमध्ये गेली, शिक्षण खात्यात तर ठळकपणे दिसली. नारायण जगन्नाथ वैद्य हे त्यांपैकी एक. सिंधमधल्या शाळांची घडी बसवण्यात आणि सिंधी भाषेला शाळेत मानाचं स्थान मिळवून देण्यात त्यांचा वाटा मोठा. कराचीतली त्यांच्या नावाची सरकारी शाळा आजही चालू आहे. फाळणीनंतरच्या सगळ्या पडझडीत, नावं पुसण्याच्या सगळ्या लाटांमध्ये त्या शाळेवरचं मराठी माणसाचं नाव टिकून राहिलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

उलट दिशेनेही लोक येत होते. सिंधची मॅट्रिकची आणि पदवीची परीक्षा मुंबई विद्यापीठाची. कराचीत स्वतःचं कॉलेज १८८७ मध्ये निघालं. त्याआधी पुढे शिकू पाहणाऱ्या सिंधी मुलाला मुंबई गाठावी लागे. सिंध इलाख्यातून वेगळा झाल्यावरही तिथली कॉलेजं १९४७ पर्यंत मुंबई विद्यापीठालाच जोडलेली राहिली.

हा प्रवास मुख्यतः आगबोटीचा. समुद्रमार्गे कराची ते मुंबई अंतर सुमारे ५०० सागरी मैल. थेट बोट मिळाली तर दोनेक दिवस, कच्छ-काठियावाडची बंदरं घेत आली तर त्याहून अधिक. हा किनारा शांत नव्हता. ८ नोव्हेंबर १८८८ च्या रात्री कच्छमधल्या मांडवीहून मुंबईला निघालेली ‘वैतरणा’ ही आगबोट मांगरोळजवळच्या समुद्रात वादळात नाहीशी झाली. बोटीवर विजेचे दिवे होते म्हणून लोक तिला ‘वीजळी’ म्हणत. तिच्यावर लग्नाची वऱ्हाडं होती आणि मुंबईला मॅट्रिकच्या परीक्षेला निघालेले विद्यार्थीही होते. सातशेहून अधिक माणसं बुडाली. या किनाऱ्यावर परीक्षेला बसायचं तर आधी समुद्र पार करावा लागत होता. अंतर म्हणजे काय, हे त्या पिढीला असं कळत होतं.

रेल्वे होती, पण सरळ नव्हती. मधे कच्छचं रण आडवं पडलेलं. कराचीहून सिंधू ओलांडून हैदराबाद, तिथे गाडी बदलून छोट्या रुळांवरून थरच्या वाळवंटातून मारवाड, खाली अहमदाबाद, आणि अहमदाबादला पुन्हा मोठ्या रुळांची गाडी धरून मुंबई. रुळांची रुंदी दोनदा बदलायची, सामान दोनदा उतरवायचं. रण टाळून मुंबई आणि कराची जोडणारा थेट लोहमार्ग कधी बांधलाच गेला नाही. सिंधी पुढाऱ्यांनी इलाख्यातून वेगळं होण्याची मागणी लावून धरली, तिच्यामागे धर्माचं आणि सत्तेचं राजकारण होतं हे खरं. पण आपलं सरकार समुद्रापलीकडे बसतं, ही तक्रारही खरीच होती.

विमान या वाटेवर पहिल्यांदा आलं ते १९२० मध्ये. त्या वर्षीच्या जानेवारीत ब्रिटिश हवाई दलाने मुंबई-कराची टपाल प्रयोगादाखल सुरू केलं. ते काही आठवडे चाललं आणि थांबलं. नंतरच्या दहा वर्षांत मात्र साम्राज्याचा नकाशाच पालटला आणि कराचीचं भाग्य उजळलं. पूर्वी विलायतेची डाक मुंबईला यायची. बॅलार्ड पिअरवर बोट लागली की टपालाच्या थैल्या तिथूनच आगगाडीत चढत आणि हिंदुस्थानभर जात. लंडनहून निघालेल्या पत्राला मुंबई गाठायला दोन आठवडे लागत. ३० मार्च १९२९ ला ‘इंपीरियल एअरवेज’ने लंडन-कराची हवाई मार्ग सुरू केला. क्रॉयडनहून बाझेलपर्यंत विमान, बाझेलहून जिनोआपर्यंत आगगाडी, तिथून पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने अलेक्झांड्रिया आणि मग कैरोहून इराकमार्गे आणि इराणच्या किनाऱ्याने कराची. सगळं मिळून सुमारे सात दिवस आणि भाडं १३० पौंड. मुंबई हे हिंदुस्थानचं प्रवेशद्वार, असं त्याच सुमारास अपोलो बंदरावर दगडात कोरून झालं होतं. आकाशाचा दरवाजा मात्र कराचीला उघडला.

ब्रिटिशांचा बेत तर याहून भव्य होता. प्रचंड वायुनौकांनी लंडन ते कराची प्रवासी आणायचे ठरवून त्यांनी कराचीच्या माळावर सुमारे साडेआठशे फूट लांबीची लोखंडी शेड उभारली. तिथे यायला निघालेली ‘आर १०१’ ही वायुनौका ५ ऑक्टोबर १९३० ला फ्रान्समध्ये बोव्हेजवळ कोसळून पेटली. ५४ पैकी ४८ माणसं गेली आणि ती योजना कायमची मिटली. कराचीतली शेड पुढे तीसेक वर्षं वायुनौकेविना उभी होती. त्याच माळावरच्या ड्रीग रोडच्या तळावरून दोन वर्षांनी एक चिमुकलं विमान उडणार होतं.

लंडनहून आलेलं पत्र सात दिवसांत कराचीला पोचायचं आणि तिथून मुंबई-मद्रासला जायला रेल्वेच्या गतीने सरकायचं. ही खोच ओळखली नेव्हिल व्हिन्सेंट या वैमानिकाने. तो मूळचा दक्षिण आफ्रिकेचा, ब्रिटिश हवाई दलात राहिलेला आणि हिंदुस्थानभर विमान घेऊन हिंडलेला. कराचीहून अहमदाबाद, मुंबई, बेल्लारीमार्गे मद्रासपर्यंत टपाल नेण्याची योजना घेऊन तो १९२९ मध्ये टाटांकडे गेला. जे. आर. डी. टाटा तेव्हा पंचविशीत होते. त्याच वर्षीच्या १० फेब्रुवारीला त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला होता. या देशात दिला गेलेला तो पहिला परवाना. तरुण जे. आर. डीं.ना ही योजना लगेच पटली. पण टाटा समूहाच्या प्रमुखपदी सर दोराबजी होते आणि त्यांना या नव्या धंद्याचा भरवसा वाटत नव्हता. जे. आर. डीं.चे मार्गदर्शक जॉन पीटरसन यांनी दोराबजींची समजूत घातली. भांडवल दोन लाख रुपये ठरलं. सरकारने मात्र अनुदान देण्याचं टाळलं आणि कागद तीन वर्षं या टेबलावरून त्या टेबलावर फिरले. शेवटी अनुदान नको, नेलेल्या टपालाच्या वजनावर मोबदला द्या, असा प्रस्ताव टाटांनी दिला. १९३२ च्या एप्रिलमध्ये दहा वर्षांचा करार झाला. जूनमध्ये दोराबजी जर्मनीत वारले. ज्या धंद्याला त्यांनी नाखुशीने का होईना होकार दिला, त्याचं पहिलं उड्डाण त्यांना पाहता आलं नाही.

दरम्यान जे. आर. डी. कराचीच्या वाटेने एकदा मोठी झेप घेऊन आले होते. इंग्लंड ते हिंदुस्थान किंवा उलट असा प्रवास एकट्याने विमानातून करणाऱ्या पहिल्या हिंदी माणसाला आगाखानांनी ५०० पौंडांचं बक्षीस लावलं होतं. मे १९३० मध्ये जे. आर. डी. कराचीहून निघाले आणि अॅस्पी इंजिनियर हा कराचीचा सतरा वर्षांचा पारशी मुलगा इंग्लंडहून. इजिप्तमध्ये अबुकीरच्या तळावर दोघांची गाठ पडली. अॅस्पी स्पार्क प्लगसाठी अडकून पडला होता. जे. आर. डीं.नी आपल्याजवळचे जादा प्लग त्याला देऊन टाकले. अॅस्पी थोड्या तासांच्या फरकाने जिंकला. पुढे तो भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला. प्रतिस्पर्ध्याला जिंकायला मदत करणारी ही माणसं होती, हे लक्षात ठेवूनच त्यांचं पुढचं काम पाहावं.

१५ ऑक्टोबर १९३२. सकाळचे ६ वाजून ३५ मिनिटं. ड्रीग रोडच्या धावपट्टीवरून एका इंजिनाचं ‘पस मॉथ’ उडालं. आत अठ्ठावीस वर्षांचे जे. आर. डी. आणि टपालाची थैली, वजन पंचवीसेक किलो. रेडिओ नाही, जमिनीवरून दिशा सांगणारं कुणी नाही. होकायंत्र, नकाशा, घड्याळ आणि डोळे, एवढ्यावर मदार. विमानाचा वेग ताशी शंभर मैलांच्या आसपास. वाटेत सिंधूच्या मुखाचा सपाट प्रदेश आणि मग कच्छचं रण. ऑक्टोबरचं ऊन चढलं की तापलेल्या जमिनीवरची हवा उसळते आणि एवढंसं विमान भिरभिरतं. इंजिन बंद पडलं तर मीठ-चिखलाच्या त्या विस्तारात उतरण्याखेरीज मार्ग नाही आणि उतरल्यावर मदत किती दिवसांनी येईल याचा नेम नाही.

अहमदाबादला बर्मा-शेलचं पेट्रोल बैलगाडीतून आलं. चार-चार गॅलनचे डबे ओतून टाकी भरली. बैलगाडी आणि विमान एकाच मैदानावर, एकाच कामाला, हे चित्र मला त्या दशकाची नेमकी ओळख वाटतं. पुन्हा उड्डाण, आणि दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी जुहू. साडेसात तासांच्या आत. अहमदाबादचा वळसा धरून सुमारे १,०३५ किलोमीटर. आगबोटीला दोन दिवस, रेल्वेला जवळपास तेवढेच. कराचीला न्याहारी करून निघालेला माणूस जुहूला उशिरा का होईना, पण दुपारच्या जेवणाला पोचला होता.

जुहूचा तळ म्हणजे समुद्राकाठचं सपाट मैदान, आणि कचेरी म्हणजे झावळ्यांनी शाकारलेली झोपडी. तिथे व्हिन्सेंट दुसरं ‘पस मॉथ’ घेऊन थांबला होता. दक्षिणेकडचं टपाल त्याने उचललं आणि तो बेल्लारीमार्गे मद्रासला गेला. दोन विमानं, हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढी माणसं आणि आठवड्यातून एकदा येणाऱ्या विलायती विमानाशी जुळवलेलं वेळापत्रक. एअर इंडियाची सुरुवात ही अशी झाली.

खरी परीक्षा पावसाळ्यात होती. जुहूचं मैदान जूनपासून पाण्याखाली जायचं. मग सगळा कारभार पुण्याला हलायचा, येरवड्याच्या तुरुंगाजवळच्या मैदानावर. म्हणजे वर्षातले चार महिने कराचीचं विमान मुंबईऐवजी पुण्याला उतरे आणि टपाल घाटातून आगगाडीने खाली जाई. सह्याद्रीच्या ढगांत, यंत्रांची साथ नसताना, विमान येरवड्याला आणून ठेवणं हे काम किती अवघड असेल याची कल्पना जुलैतला बोरघाट पाहिलेल्या कुणालाही येईल. तरीही पहिल्या पूर्ण वर्षात विमानं १,६०,००० मैल उडाली, १५५ प्रवासी आणि जवळजवळ दहा टन टपाल वाहिलं गेलं आणि ६०,००० रुपये नफाही झाला. वेळ पाळण्याबद्दल तर सरकारच्या हवाई खात्यानेच या सेवेची वाखाणणी केली. टाटांच्या माणसांनी हे शिस्तीने कमावलं. त्या शिस्तीबद्दल आपल्याकडे जेवढं लिहिलं जायला हवं होतं तेवढं लिहिलं गेलेलं नाही.

१ एप्रिल १९३६ ला सिंध वेगळा प्रांत झाला. गंमत अशी की, ज्या वर्षांत कराची मुंबईच्या राज्यकारभारातून बाहेर पडली, त्याच वर्षांत ती मुंबईला सर्वांत जवळ आली होती. १९३८ मध्ये साम्राज्यातलं पहिल्या वर्गाचं सगळं टपाल विमानाने न्यायचं ठरलं. पाण्यावर उतरणारी मोठी विमानं कराचीच्या कोरंगी खाडीत येऊ लागली आणि तिथून पुढचं ओझं, थेट कोलंबोपर्यंत, टाटांच्या विमानांनी उचललं. व्हिन्सेंट १९४२ मध्ये इंग्लंडहून परतताना शत्रूच्या हल्ल्यात विमानासह नाहीसा झाला. हा मार्ग ज्याच्या डोक्यातून निघाला, त्या माणसाची मुंबईत ठळक आठवण असायला हवी होती.

मग १९४७. कराचीत जन्मलेले आणि मुंबईत वकिलीचं नाव कमावलेले जिना ७ ऑगस्टला विमानाने कराचीला गेले ते कायमचे. मलबार हिलवरचं त्यांचं घर इथेच राहिलं. पुढच्या काही महिन्यांत कराची-मुंबई हा आगबोटीचा जुना मार्ग पुन्हा भरून वाहू लागला. ६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल उसळली आणि त्यानंतर सिंधी हिंदूंचे लोंढे बंदराकडे धावले. मुंबईच्या गोदीत उतरून ही माणसं कल्याणजवळच्या लष्करी छावणीत गेली. ती छावणी १९४९ मध्ये उल्हासनगर झाली. या माणसांसाठी मुंबई-कराची हा प्रवास एकाच बाजूचा होता. कराचीतली बहुतेक मराठी कुटुंबंही परतली, थोडी तिथेच राहिली आणि त्यांचे वंशज आजही तिथे गणपती बसवतात.

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट घडली. ८ जून १९४८ ला ‘मलबार प्रिन्सेस’ हे एअर इंडिया इंटरनॅशनलचं कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून लंडनला निघालं. थांबे दोनच, कैरो आणि जिनिव्हा. ज्या कराचीतून विलायतेचं टपाल उचलण्यासाठी हा सगळा पसारा सुरू झाला, ती कराची सोळा वर्षांच्या आत वाटेतून गळाली. नव्या विमानाला तिथे उतरण्याची गरज उरली नव्हती, आणि नवा देश झाल्यावर इच्छाही कमी झाली होती.

त्यापुढचा हिशेब बंदीचा आणि परवानगीचा आहे. १९६५ च्या युद्धात थरमधून जाणारी रेल्वे बंद पडली ती २००६ पर्यंत. पुन्हा सुरू झाली आणि २०१९ मध्ये थांबली. १९७१ मध्ये ‘गंगा’ विमान पळवून लाहोरला जाळलं गेलं आणि विमानांची ये-जा तुटली. ती १९७६ मध्ये जुळली. २००२ ची सुरुवात ते २००४ ची सुरुवात पुन्हा बंद. २०१७ मध्ये पाकिस्तानच्या विमान कंपनीने आपली कराची-मुंबई सेवा थांबवली आणि या दोन शहरांमधलं शेवटचं थेट विमान गेलं. एप्रिल २०२५ मध्ये, पहलगामच्या हत्याकांडानंतर, दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमान कंपन्यांना आपलं आकाशच बंद केलं. कराचीहून मुंबईला यायचं तर दुबई गाठायची. कराची-दुबई सुमारे १,२०० किलोमीटर आणि दुबई-मुंबई १,९०० च्या वर. म्हणजे ८८० किलोमीटरांचे तीन हजारांहून अधिक होतात. मधलं वाट पाहणं धरलं तर हा प्रवास बहुतेक वेळा १९३२ च्या ‘पस मॉथ’पेक्षा जास्त वेळ घेतो. व्हिसा मिळण्याचे महिने यात धरलेले नाहीत.

जे. आर. डीं.नी ती वाट सोडली नव्हती. १९६२ मध्ये, तीस वर्षं झाली तेव्हा, ते कराचीहून पुन्हा उडून आले. १९८२ मध्ये, पन्नासाव्या वर्षी, पुन्हा आले. तेव्हा त्यांचं वय ७८ होतं आणि विमान होतं त्याच घराण्यातलं, एका इंजिनाचं जुनं ‘लेपर्ड मॉथ’. कराची, अहमदाबाद, जुहू, तोच क्रम. दोन युद्धं मधे होऊन गेली होती, तरी दोन्ही बाजूंनी परवानगी मिळाली होती.

१५ ऑक्टोबर २०२१ ला मुंबईच्या आरोही पंडित या तरुण वैमानिकेने एका हलक्या विमानातून हेच उड्डाण जागवलं. ती भूजहून निघाली, अहमदाबादला उतरली आणि जुहूला आली. कराची वगळावी लागली.

१५ ऑक्टोबर २०३२ ला या उड्डाणाला शंभर वर्षं होतील. त्या सकाळी कराचीहून टपालाची एक थैली घेऊन छोटं विमान निघावं आणि दुपारी जुहूला उतरावं, यासाठी परवानगी मागण्याचं काम दोन्ही शहरांतल्या वैमानिकांनी, टपाल खात्यांनी आणि इतिहासाची आच असलेल्यांनी आत्ताच सुरू केलं पाहिजे. १९८२ मध्ये ती मिळाली होती.